मिकीच्या गावातली निवांत गल्ली

ऑरलँडो म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मिकी माऊस, सिंड्रेलाचा कॅसल आणि भर उन्हातली लांबच लांब रांग! अमेरिकेत ऑन-साइट गेलेली आपली मंडळी आई-बाबा तिकडे आले की डिस्ने वर्ल्डची वारी घडवतातच. चार दिवसांत चार पार्क. तिकिटं एवढी महाग, की एक तासही ‘वाया’ घालवायचा नाही. मग चौथ्या दिवशी बाबांचे गुडघे बोलू लागतात आणि सगळ्यांनाच सुट्टीनंतर आणखी एक सुट्टी हवीशी वाटते.

या धावपळीवरचा उतारा डिस्नेच्याच आवारात आहे, पण त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. ते म्हणजे ‘ओल्ड की वेस्ट रिसॉर्ट’. डिसेंबर १९९१ मध्ये डिस्ने टाइमशेअरच्या धंद्यात उतरलं ते इथूनच. १९९६ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं, फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावरच्या की वेस्ट या बेटावरून. फिक्या रंगांची बैठी वाटणारी घरं, पत्र्याची छपरं, माडांची झाडं, पाण्याकाठी छोटंसं दीपगृह. कोकणातल्या माणसाला लगेच आपलंसं वाटेल असं.

लोक नाकं का मुरडतात? रिसॉर्ट जुनं आहे. गोल्फ कोर्सच्या कडेने ऐसपैस पसरलंय, त्यामुळे पार्कची बस आतच पाच थांबे घेते. दारात मोनोरेल नाही. बहुतेक इमारतींना लिफ्टसुद्धा नाही. तक्रारी खऱ्या आहेत. पण याच ऐसपैसपणामुळे इथे शांतता आहे, आणि खोल्याही मोठ्या आहेत. वन बेडरूम व्हिला चक्क ९४२ चौरस फुटांचा! मुंबईत एवढ्या जागेसाठी आपण आयुष्यभर ईएमआय भरतो. आत पूर्ण स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन, बाहेर प्रशस्त बाल्कनी. ऑरलँडोतल्या इंडियन स्टोअरमधून तूरडाळ आणि तांदूळ आणले, की रात्री गरम वरण-भात. बर्गर खाऊन कंटाळलेल्या आईचा चेहरा तेव्हा बघा!

टाइमशेअर शब्द वाचून कपाळावर आठी पडली ना? साहजिक आहे. ‘सर, लकी ड्रॉमध्ये तुमचं नाव आलंय, जोडीने डिनरला या’ हे फोन आपण सगळ्यांनीच झेललेत. म्हणून हिशेब आधी समजून घ्या. इथले सदस्य एकरकमी पैसे भरून पॉइंट्स घेतात आणि वर दरवर्षी मेन्टेनन्स भरतात. एवढं करूनही हक्क कायमचा नाही. मूळ करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतात. २००७ मध्ये सदस्यांना जादा पैसे भरून ते २०५७ पर्यंत वाढवायची संधी मिळाली होती. आज इथे, उद्या बदली होऊन बंगळुरूला, असं ज्यांचं आयुष्य आहे, त्यांनी या भानगडीत पडूच नये.

राहण्यासाठी विकत घ्यायची गरजही नाही. हॉटेलसारखं थेट बुकिंग होतं, किंवा एखाद्या सदस्याकडून पॉइंट्स भाड्याने घेता येतात. ते बहुतेकदा स्वस्त पडतं, पण रद्द केल्यास पैसे सहसा परत मिळत नाहीत. तेव्हा तारखा पक्क्या असतील तरच. आई-बाबा बरोबर असतील, तर तळमजला आवर्जून मागा.

आणि हो, मुक्कामातला एक दिवस पार्कचं तिकीटच काढू नका. उशिरा उठा, बाल्कनीत आलं घातलेला चहा घ्या, दुपारी पूलमध्ये डुंबा. संध्याकाळी रिसॉर्टच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीने डिस्ने स्प्रिंग्जला जा. वेगळं तिकीट लागत नाही, रांगही सहसा नसते. घरी परतल्यावर आई-बाबा शेजाऱ्यांना रोलर कोस्टरबद्दल सांगतील की या संध्याकाळबद्दल, ते तुम्हीच बघा!