बाटलीची किंमत

गेल्या मे महिन्यात कोकणात गावी गेलो होतो. पुळणीवरचा कचरा पाहून मी काकांना अमेरिकेतल्या शिस्तीवर भाषण दिलं. काका शांतपणे म्हणाले, "ह्यात काचेची बाटली दिसते का बघ." एकही नव्हती. भंगारवाला तिचे पैसे देतो ना!

आमच्या ऑरेगनच्या किनाऱ्यांवरही पूर्वी बाटल्या पडलेल्या असायच्या. रिचर्ड चेंबर्स नावाच्या गृहस्थांनी वैतागून पाठपुरावा केला आणि १९७१ साली कायदा झाला. बिअर-सोड्याच्या बाटलीमागे पाच सेंट अनामत. रिकामी दिली की पैसे परत. २०१७ पासून दहा सेंट. मी घरी बाटल्या साठवतो, ते काय शिस्त म्हणून?

काकांना फोनवर कबुली दिली. म्हणाले, "मग वेफर्सच्या पाकिटालाही लावा की किंमत!"