उलटी वाहणारी नदी

पाहुणे आले की शिकागो नदीतली बोटीची फेरी ठरलेली. आम्ही ती दहा वेळा तरी केली असेल. काही वर्षांपूर्वी आत्या आल्या, तेव्हा अकरावी. निघताना त्यांनी उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली पिशवीत टाकली. इथं नळाचं पाणी चालतं, असं आम्ही महिनाभर सांगत होतो. त्या ऐकून घ्यायच्या आणि पातेलं गॅसवर चढवायच्या.

गाइडनं नेहमीची गोष्ट सांगितली: १८८५ च्या मुसळधार पावसात नदीची घाण मिशिगन सरोवरात शिरली, ते पाणी पिऊन नव्वद हजार माणसं दगावली, म्हणून शहरानं नदीच उलटी फिरवली. पाऊस खरा, पण त्या वर्षी अशी साथ आलीच नव्हती. खरा आकडाही काही कमी भयंकर नाही. १८९१ मध्ये एकट्या टायफॉइडनं इथं सुमारे दोन हजार माणसं गेली, लाखामागे १७४. गटारं नदीत, नदी सरोवरात, आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातलं!

जानेवारी १९०० मध्ये २८ मैलांच्या कालव्यात पाणी सोडलं आणि नदी सरोवराकडे पाठ करून वाहू लागली. घाण गेली खालच्या गावांकडे. मिसुरी राज्य कोर्टात गेलं, १९०६ मध्ये हरलं. (शेजारच्या दारात कचरा लोटायची कला आपलीच, असं आम्हांला वाटायचं.) नुसत्या कालव्यानं भागलं मात्र नाही. १९०८ पासून दुधाच्या पाश्चरीकरणाचे नियम आले, १९१२ पासून हळूहळू सगळ्या पाण्यात क्लोरीन पडू लागलं, तेव्हा कुठे १९२० च्या सुमारास मृत्यू लाखामागे एक-दोनवर आले. टायफॉइडवरचं क्लोरोमायसेटिन वापरात आलं ते १९४८ मध्ये.

हे आम्ही आत्यांना मराठीत सांगत होतो. त्या एकदम म्हणाल्या, “आमचा दादा शेहेचाळीस साली गेला. मुदतीचा ताप. एकविसावा दिवस उलटला, आता उतरेल म्हणत होते सगळे. औषध दोन वर्षं आधी यायला हवं होतं, असं आई शेवटपर्यंत म्हणायची.”

हे काका आम्ही फक्त फोटोत पाहिलेले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “म्हणजे इथं औषधाच्या आधीच थांबलं होतं?”

“हो.”

“आमच्या आडाच्या मागंच संडास होते रे,” त्या म्हणाल्या, आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं पुन्हा गॅसवर चढलं. आम्ही काही बोललो नाही.