औषधं चालू आहेत तिची

अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट आहे. गळीत हंगामात रसाचं ब्रिक्स, पोल तपासायचं आणि आकडा बिघडला की लगेच कळवायचं, हे माझं काम. घरात मात्र मी एक आकडा चार महिने दाबून ठेवला.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. बायकोच्या सोनोग्राफ्या, नळ्यांची तपासणी, सोळा गुरुवार, सगळं चालू होतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषातही दोष असतो, पण माझी तपासणी झाली सगळ्यांत शेवटी. शुक्राणू शून्य. पुन्हा तपासलं, पुन्हा शून्य. एफएसएच वाढलेलं. मग संभाजीनगरला बायोप्सी केली. रिपोर्ट आला : नलिकांमध्ये फक्त सर्टोली पेशी.

मग वाचत बसलो. एन्रिको सर्टोली या इटालियन शास्त्रज्ञानं १८६५मध्ये या पेशींचं वर्णन केलं. त्यांच्यापासून शुक्राणू होत नाहीत. त्या शुक्राणूंना वाढवतात. जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडून त्या मूळपेशींना टिकवून धरतात. हे प्रथिन १९९३मध्ये चेतापेशींच्या अभ्यासात सापडलं होतं. २०००मध्ये उंदरांत दिसलं, की ते कमी पडलं तर मूळपेशी संपत जातात आणि फार झालं तर नुसत्या साठतात, पुढे शुक्राणू होत नाहीत. स्टेम सेल फॅक्टर हे आणखी एक प्रथिन. ते ओळखणारा 'किट' नावाचा ग्राहक जननपेशींवर असतो. निरोगी वृषणात ही देवाणघेवाण अखंड चालते, तेव्हा सुमारे ७४ दिवसांत शुक्राणू घडतो. सर्टोली पेशी इनहिबिन सोडून मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीलाही 'पुरे' म्हणून कळवतात. जननपेशी नसल्या की हा निरोप क्षीण होतो आणि ग्रंथी एफएसएच वाढवत राहते. माझ्या रिपोर्टमधल्या आकड्याचा अर्थ हा होता.

"माझं काय चुकलं?" मी डॉक्टरांना विचारलं.

"काही नाही. तुमची चूक नाही ही."

केवढं हलकं वाटलं! हे वाक्य सहा वर्षांत बायकोला कुणीच म्हणालं नव्हतं, हे परतीच्या एसटीत लक्षात आलं. तरी तिला म्हणालो, "आईला इतक्यात सांगू नको." तिनं पाळलं. गुरुवारही धरत राहिली.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याच घरी होतं. मी आतल्या खोलीत होतो. कॉलनीतल्या एकीनं विचारलं, "सूनबाईत काय दोष निघाला हो?"

"औषधं चालू आहेत तिची," आई म्हणाली.

दारातून बायको दिसत होती. वाण वाटत होती. तिनं मान वर केली नाही.

बायका गेल्यावर मी बाहेर आलो. "आई, दोष माझ्यात आहे. तिच्यात काही नाही."

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे."

आई दोन दिवस बोलली नाही. तिसरा दिवस गुरुवार होता. सकाळी तिनं बायकोला हाक मारली.

"किती राहिलेत गं गुरुवार?"

"पाच, आई."

"सोड आता. जेवून घे."