टिपण वाचता आलं पाहिजे

'निलंग्याच्या पोरांना जमीन मोजणीच्या धंद्यात यायचं असेल तर काय करावं, ते लिहा,' असं संपादकांनी सांगितलं. वाट सरळ आहे. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड करा, नाहीतर स्थापत्य पदविका. मग भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. प्लॉटिंग, रस्ते, कालव्यांची खासगी कामंही मिळतात. एवढ्यावर पोट भरेल, पण मोजणी आली असं होत नाही.

उन्हाळ्यात तेरणाकाठच्या एका शिवारात दोन चुलतभावांच्या धुऱ्यावर गेलो होतो. ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. मोजायला आलेला खासगी मुलगा हुशार होता आणि त्याचा जीपीएस रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक होता. त्यानं आजची वहिवाट मोजली, सातबाऱ्यापेक्षा क्षेत्र कमी भरलं म्हणून रेघ सरळ दुसऱ्या भावाच्या रानात सरकवली. टिपण, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांचा कागद, त्यानं मागितलंच नव्हतं. दोन घरांचं बोलणं त्या दिवसापासून बंद आहे.

लोकांना वाटतं, मोजणीवाला सातबाऱ्यावरची जमीन भरून देतो. तसं नसतं. आधी हद्द मोजली गेली आणि त्या मापांवरून क्षेत्र काढलं गेलं. क्षेत्रावरून उलटी हद्द ठरवता येत नाही. जुन्या टिपणातली मापं साखळी-आण्यांत असतात. साखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा, आणि साखळीभर लांब-रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. अशा मापाच्या कागदाला रोव्हरचे सेंटिमीटर लावून भावाभावांत भांडण लावणं मला मान्य नाही. आधी गावशिवेचे दगड, जुनी विहीर, शेजारच्या सर्व्हे नंबरांचे न हललेले कोपरे मोजायचे. त्यांच्यावर टिपण बसतं का पाहायचं. मगच हद्द दाखवायची. धुऱ्यावर फार विसंबू नये. काळ्या रानात ट्रॅक्टर दरसाल थोडा थोडा धुरा कोरतो.

कागदही शोधावे लागतात. निलंगा 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादेत गेलं आणि 16 ऑगस्ट 1982 पासून लातूर जिल्ह्यात आलं. निजामकाळातली दप्तरं उर्दूत आहेत. 1954-55 चं खासरा पत्रक तर मराठवाड्यात आजही वादावादीत पुढे येतं. यंत्र आठवड्यात शिकता येतं. हे कागद लावायला वर्षं जातात, आणि ते शिकवणारे जुने भूकरमापक एकेक करून निवृत्त होत आहेत, याची मला खरी काळजी वाटते.

शेतकऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावं. मोजणीची 'क' प्रत हद्द आणि वहिवाट दाखवते. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो.

या कामात येणाऱ्या मुलांनो, यंत्र विकत घेण्याआधी आपल्या तालुक्यातला एखादा निवृत्त भूकरमापक गाठा आणि त्याच्याजवळ बसून टिपण वाचायला शिका. आणि शेतकरी बांधवांनो, नांगराला आडवा येतो म्हणून हद्दीचा दगड उपटू नका.