नटाचे आठ फेरे

आमच्या धाकट्या नातवाला शर्यतीच्या गाड्यांचं वेड आहे, हे घरच्या मंडळींना ठाऊकच आहे. अमेरिकेत शार्लटजवळ राहतो, म्हणजे नॅस्कारच्या माहेरघरातच! सुट्टीच्या दिवशी आपली जुनी होंडा घेऊन ट्रॅकवर जातो. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे होते, तेव्हा चाकांचे स्टड बदलणं चाललं होतं. स्टड म्हणजे हबमधून बाहेर आलेले बोल्ट. त्यांवर चाक चढवून नट आवळतात. वेगात चाक निखळलं तर, हा एकच विचार माझ्या डोक्यात. शेवटी गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले आणि त्याला प्रश्न विचारत सुटले. मास्तरकीची सवय, दुसरं काय!

नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणाने चाक हबवर दाबून धरलं जातं. तो ताण पेलतात नटात अडकलेले आटे. ठोकताळा असा, की स्टडची जाडी जेवढी, निदान तेवढी लांबी नटात गेलेली हवी. याचा स्टड १२ मिलिमीटर जाड, दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. म्हणजे नटाचे आठ फेरे. चौथीतल्या पोराला जमेल असं गणित.

पण त्याने चाक बाहेर यावं म्हणून मध्ये ५ मिलिमीटरचा स्पेसर घातला होता. जुन्या स्टडवर नट नऊ फेरे बसायचा, त्यातले तीनहून जास्त स्पेसरने खाल्ले. उरले साडेपाच-पावणेसहा. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) नट तरीही घट्टच लागतो, पाना तसाच 'कट्' वाजतो. म्हणून लांब स्टड, आणि नट आरपार भोकाचे. स्टडचं टोक बाहेर आलेलं तपासनिसाला उभ्याउभ्या दिसतं. टोपीवाले चकचकीत नट शोभेला छान, पण लांब स्टड आतून टोपीला टेकला तर चाक सैलच राहतं आणि नट मात्र आवळल्यासारखा वाटतो.

नुसती लांबी बघूनही भागत नाही. स्टडच्या डोक्याखाली उभ्या खाचांचा पट्टा असतो, तो हबच्या भोकात दाबून बसतो. तो बारीक निघाला तर स्टड जागच्या जागी फिरणार. तो व्हर्नियरने मोजायचा, मी वहीत लिहायचे. प्रत्येक माप तीनदा घ्यायला लावलं. कुरकुरला, पण घेतलं.

नॅस्कारच्या मुख्य मालिकेत २०२१पर्यंत चाकाला पाच नट असत. २०१५मध्ये पाचही आवळलेत का, हे तपासणं बंद झालं आणि वेळ वाचवायला संघ हात आखडता घेऊ लागले. २०१६च्या एप्रिलमध्ये टोनी स्टुअर्ट त्यावर जाहीर बोलला, तर त्यालाच ३५ हजार डॉलर दंड! मात्र त्याच महिन्यात पाचही नट पुन्हा सक्तीचे झाले. २०२२पासून एकच मोठा नट आला.

आता ट्रॅकवर निघण्याआधी नातू चारही चाकांचे फोटो पाठवतो. इथे तेव्हा संध्याकाळ झालेली असते. मी चष्मा लावून नटांतून डोकावणारी टोकं मोजते. चार चोक सोळा भरली, की कुकर लावायला उठते.