दुखऱ्या सांध्यांची डहाणू वारी
प्रवासाची दैनंदिनी : उपनगर ते गंजाड

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उलटणारी वेदना ही वैद्यकाच्या भाषेत दीर्घकालीन वेदना. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात या वेदनेला प्रथमच स्वतंत्र जागा मिळाली. संधिवात, फायब्रोमायॅल्जिया, मणक्याची झीज, जुनी सायटिका ही तिची नेहमीची घराणी. अशा दुखण्यासह निवासी कला शिबिराला जाणे शक्य असते, पण त्याची आखणी निराळी करावी लागते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या रहिवाशाला त्यासाठी जवळचे अस्सल ठिकाण म्हणजे डहाणू तालुका, वारली चित्रकलेचे माहेर. दोन मुक्कामांच्या, थंडीतल्या शिबिराचा दिवसवार क्रम पुढीलप्रमाणे असतो.

आदला दिवस

शिबिराचा पहिला धोका घरातच असतो. निघण्यापूर्वी सगळे उरकून टाकायची सवय, विशेषतः घर सांभाळणाऱ्या बाईची: तीन दिवसांच्या पोळ्या, भाज्या चिरून डब्यात, कपड्यांचा ढीग, वर देवघराची साफसफाई. बरे वाटते त्या दिवशी दुप्पट कामे काढायची आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरायचे, हे चक्र दीर्घकालीन वेदनेत सर्वांत जास्त नुकसान करते. त्यामुळे आदला दिवस शक्य तितका रिकामा ठेवावा लागतो.

औषधांचे वेळापत्रकही आधीच पाहावे लागते. संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि अनेकांना त्याच्या दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखे होते. तो दिवस आणि प्रवासाचा दिवस एक येऊ नये, यासाठी शिबिराची तारीख निवडतानाच हिशेब करणे बरे. गोळ्या मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. गरम पाण्याची रबरी पिशवी आणि पाठीला लावायची छोटी उशी यांना कपड्यांच्या आधी जागा द्यावी.

दिवस पहिला : उपनगर ते डहाणू रोड

डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली एप्रिल २०१३ मध्ये. बोरिवलीपासूनचे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर, वेळ पावणेदोन ते दोन तास. विरार सोडले की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव अशी स्थानके लागतात. सकाळी गर्दीचा लोंढा चर्चगेटकडे असतो आणि डहाणूची दिशा उलटी, म्हणून गाडी रिकामी मिळेल अशी समजूत होते. पण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जाणारे कामगार बोईसरपर्यंत याच गाडीत असतात. त्यांची वेळ टळल्यावरची गाडी पकडली तर बसायला जागा मिळण्याचा संभव अधिक.

मुलुंड आणि घाटकोपरकरांना आधी मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर यावे लागते. दादरचा पूल हा जुना रस्ता, पण गुडघे दुखणाऱ्याला तो टाळलेलाच बरा. जून २०१४ मध्ये सुरू झालेली घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा मेट्रो त्यांच्यासाठी मोठी सोय आहे. तिच्या स्थानकांत लिफ्ट आहे आणि डब्याची फरशी फलाटाच्या उंचीला असते. अंधेरीहून डहाणूची गाडी नसेल तर बोरिवलीला किंवा विरारला बदलावी लागते.

लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबा असतो. कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रियांनाही तिथे मुभा आहे. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत दीर्घकालीन वेदना ही स्वतंत्र नोंद म्हणून येत नाही. सांध्यांची किंवा मणक्याची हानी मोजून चाळीस टक्के भरली तरच कायद्यातल्या बहुतेक सवलती मिळतात. फायब्रोमायॅल्जियात मोजण्यासारखे काही बाहेरून दिसत नाही. धडधाकट दिसणाऱ्या तरुण मुलीला कंबर धरून उभे राहावे लागते आणि समोरची जागा मागायचा तिला संकोच वाटतो. कायद्यातली ही उणीव दूर व्हायलाच हवी. तोवर तोंडाने सांगून जागा मागणे हाच मार्ग उरतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

डहाणू रोडपासून पाड्यापर्यंत रिक्षा. लोकलच्या दोन तासांपेक्षा खड्ड्यांतली अर्धा तासाची रिक्षा कमरेला जास्त लागते. पोहोचल्यावर त्या दिवशी चित्राला हात न लावता आडवे होणे, हेच पहिल्या दिवसाचे काम.

दिवस दुसरा : भिंत, काडी, तांदळाचे पीठ

शिबिरे बहुधा सकाळी नऊला सुरू होतात. इथे दोन दुखण्यांची घड्याळे एकमेकांच्या विरुद्ध चालतात. सूज असलेल्या संधिवातात सकाळी उठल्यावर बोटे तासभर, कधी त्याहून जास्त, आखडलेली असतात. चमचा धरवत नाही तिथे काडी काय धरवणार? अशा माणसाचा हात अकरानंतर मोकळा होतो. उलट झिजलेल्या मणक्याचे दुखणे सकाळी कमी आणि दिवसभर बसून संध्याकाळी वाढलेले असते. एकच वेळापत्रक दोघांना पुरत नाही. संधिवाताच्या शिबिरार्थ्याने सकाळी गरम पाण्यात हात शेकत नुसते पाहावे आणि दुपारी काढावे. कंबरदुखीच्या माणसाने नेमके उलटे करावे.

कुडाच्या भिंतीला शेणमातीचे सारवण, त्यावर गेरूचा हात, आणि तांदळाच्या पिठात पाणी कालवून केलेला पांढरा रंग: वारलीचे मूळ साहित्य एवढेच. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोकाशी चावून किंवा ठेचून मऊ केलेली. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन आकारांवर सारे चित्र उभे राहते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे धड होते. रेषा बारीक, हालचाल छोटी, पण तीच ती शेकडो वेळा. आणि तिथेच मनगट भरून येते. काडी जितकी बारीक तितकी बोटे घट्ट आवळली जातात. म्हणून काडीला सुती चिंधी गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड करावी. पकड सैल राहते आणि टोकाची बारीक रेष बिघडत नाही. फ्रान्समध्ये चित्रकार रेन्वारची बोटे संधिवाताने वाकली तेव्हा तळहाताला कापडाची पट्टी बांधून त्याच्या हातात कुंचला दिला जाई, आणि मोठा कॅनव्हास रुळावर गुंडाळून हवा तो भाग त्याच्यासमोर आणला जाई. तो १९१९ मध्ये, मृत्यूच्या वर्षीही, रंगवत होता.

बसण्याचा प्रश्न याहून अवघड. भिंतीच्या खालच्या पट्ट्यासाठी उकिडवे बसावे लागते आणि कापडावरचे काम जमिनीवर मांडी घालून होते. गुडघा किंवा कंबर गेलेल्याला दोन्ही अशक्य. कापड छातीच्या उंचीवर भिंतीला टाचले आणि समोर खुर्ची ठेवली की तेच चित्र तितकेच खरे होते. वारली म्हणजे जमिनीवर बसूनच, असा आग्रह काही शिकवणारे धरतात. तो निराधार आहे, कारण मूळ चित्र उभ्या भिंतीवरचेच.

याहून महत्त्वाची गोष्ट परंपरेतच आहे. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचे विधीचे चित्र, काढतात सवाशिणी, आणि त्या एकट्या नसतात. एकीने चौकट धरली, दुसरीने आतली नक्षी भरली, मध्ये पालघाट देवी उमटली. बाजूच्या लहान चौकात पाच शिरांचा देव पंचशिऱ्या येतो. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत असते. हात थकला तर काडी दुसरीकडे जाते आणि चौक अडत नाही. ‘प्रत्येकाने आपले एक चित्र पूर्ण करून न्यायचे’ ही शिबिराची रीत शहरी आहे. दुखऱ्या हातांसाठी सामायिक चौकाची जुनी रीत अधिक योग्य आहे, आणि कलेशीही तीच अधिक इमान राखते.

एक सावधगिरी उरते. चित्रात मन लागले की वेदना मागे पडते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धान्ताने याची उपपत्ती दिली: मज्जारज्जूतून वर जाणारा वेदनेचा संदेश मेंदू वरून अडवू किंवा सोडू शकतो. हा दिलासा खरा असतो, पण स्नायूंवरचा ताण त्याने कमी होत नाही. मान वर केली की तीन तासांचा हिशेब एकदम पुढ्यात येतो. दुखले की थांबायचे, हा नियम इथे उपयोगाचा नाही. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावून, दुखायच्या आधीच उठायचे असते.

दिवस तिसरा : गंजाड

डहाणूच्या पूर्वेला गंजाड गाव आहे आणि तिथल्या कळंबीपाड्यात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे राहत. जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली, तेव्हा त्यांचे बोलणे बंद झाले आणि ते मातीत चित्रे काढून सांगू लागले. बायकांनी लग्नाच्या भिंतीवर काढायची कला त्यांनी कागद-कापडावर, रोजच्या जगण्याच्या विषयांपर्यंत नेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांचे काम बाहेर आणले. २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये निधन. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले २०१४ मध्ये.

पाड्यात चालणे चढउताराचे असते. गाडी कुठवर जाते हे आदल्या रात्री विचारून घ्यावे आणि काठी बरोबर ठेवावी. परतीची गाडी दुपारची धरावी.

ज्यांना नव्वद किलोमीटर झेपणार नाहीत, त्यांनी शिकायची आशा सोडायचे कारण नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील आणि गोरेगावच्या आरेतील पाड्यांवर वारली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्यापैकी चित्र काढणाऱ्यांना योग्य मानधन देऊन, आठवड्यातून एक तास घराजवळ शिकणे हे तीन दिवसांच्या शिबिराइतकेच मोलाचे आहे.

परतल्यानंतरचा दिवस

हा दिवस रजेत धरलेला नसेल तर आखणी अपुरी आहे. दीर्घकालीन वेदना श्रमाचा हिशेब बहुधा एक-दोन दिवसांनी मागते, आणि सोमवारची ८:१७ लोकल त्याला मुदत देत नाही.

शिबिर भरवणाऱ्यांनी आपल्या माहितीपत्रकात चार ओळी वाढवाव्यात: खुर्ची मिळेल का, संडास कमोडचा आहे का, पायऱ्या किती, आणि मधून उठून पडण्यासाठी खाट आहे का. जोवर त्या ओळी नाहीत, तोवर जाणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी फोन करून हे चार प्रश्न विचारावेत.