महाडला निघण्याआधी इनामगावची फेरी

भीमेच्या काठावर, शिरूर तालुक्यात मांडवगण फराटा आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका. मुलूख सपाट, काळ्या मातीचा, उसाचा. येथून पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव या मार्गाने महाडला सायकलने जायचे आम्ही ठरविले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी जेथे पाण्याचा हक्क बजावला, ते चवदार तळे मुलाबाळांनी पाहावे हा हेतू.

आमच्या सायकली रोज कामावर जाण्याच्या. वाटेत मोडली तर प्रवास बुडतो आणि परतल्यावर मजुरीही बुडते. म्हणून आधी पूर्ण ओझे लादून घोड नदीकाठच्या इनामगावला फेरी केली. १९६८ पासून डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. मुलांना तेही पाहता आले.

उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्याने सामानाची परीक्षा घेतली. कॅरेजचे नट ढिले झाले. त्यांखाली स्प्रिंग वॉशर घातले. खताच्या गोणीच्या पिशव्या झोके घेऊन आऱ्यांना लागू लागल्या. त्यांची खालची टोके कॅरेजच्या पायांना बांधली. जड वस्तू तळाला आणि दोन्ही बाजूंना सारखे वजन ठेवले, तेव्हा हँडल डगमगायचे थांबले.

मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा १९२३ साली सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि १९२८ साली परतले. त्यांना वाळवंटात दुकान कुठले? घाटातही तीच गत. म्हणून पंक्चर प्रत्येकाने, मुलींनीसुद्धा, स्वतः काढायचे असा नियम केला. पॅच बसविल्यावर टायर आतून बोटांनी जपून चाचपावा. बाभळीचा काटा आत राहिला तर नवी ट्यूबही फुटते.

आमच्याकडे घाट नाही. नदीच्या उतारावर ओझ्यासह ब्रेक तपासले आणि झिजलेले रबर बदलले. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून वापरावेत, मध्ये थांबून रिम थंड होऊ द्यावी.

सोबत पंप, पाना, जादा ट्यूब, पॅच, व्हॉल्व्ह ट्यूब, ब्रेकचे रबर आणि दोन आरे घ्यावेत. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की सुकते; ती नवीच घ्यावी. फेरीहून आल्यावर सामान ओट्यावर मांडावे. हत्यारे, औषधे व पाणी सोडून जे वापरले नाही, ते घरीच ठेवावे. आमचे ओझे असेच बरेच हलके झाले.